यादीमागचे चार प्रश्न : 'एलएस' कमांडच्या पर्यायांचा आढावा

लिनक्स किंवा युनिक्स प्रणालीवरील संगणकाशी टर्मिनलद्वारे, म्हणजे केवळ मजकूर टंकून आज्ञा देण्याच्या खिडकीतून, काम करणाऱ्याला सर्वप्रथम समोरच्या डिरेक्टरीत कोणत्या फाइली आहेत हे पाहावे लागते, आणि त्यासाठी 'एलएस' ही कमांड वापरली जाते. ही कमांड नुसती दिली तर नावांची साधी यादी मिळते. तिच्यापुढे डॅश आणि एखादे अक्षर जोडले की त्याच डिरेक्टरीची वेगळी यादी समोर येते. अशा जोडलेल्या अक्षरांना पर्याय म्हणतात. त्यांची संख्या मोठी असल्याने बहुतेक वापरकर्ते दोन-तीन पर्याय पाठ करून थांबतात आणि उरलेले पर्याय त्यांना विस्कळीत वाटतात. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक पर्याय चार प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर असतो : कोणत्या नोंदी दाखवायच्या, कोणत्या क्रमाने दाखवायच्या, प्रत्येक नोंदीचा किती तपशील द्यायचा आणि ते सारे कोणत्या रूपात मांडायचे. प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांच्या आधारे पर्यायांचा आढावा घेतला असून, यादी मिळवण्यासाठी मोजावी लागणारी किंमत आणि देवनागरी नावांच्या अडचणी यांचाही विचार केला आहे.

पुणे शहरात हा विषय केवळ पाठ्यपुस्तकापुरता उरत नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक येथे सिद्ध केला. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातील 'एका' हा महासंगणक जगातील सर्वांत वेगवान ५०० यंत्रांच्या यादीत चौथ्या स्थानावर आला. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा 'अर्क' कार्यान्वित झाला, तर आयसर पुणे या संस्थेत 'परम ब्रह्म' उभा राहिला. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते.) नोव्हेंबर २०१७ पासून त्या जागतिक यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. अशा यंत्रांवर काम करणारा संशोधक बहुधा यंत्रापासून दूर बसून टर्मिनलमधूनच आत शिरतो आणि त्याच्यासमोर हजारो, कधी लाखो फाइलींच्या डिरेक्टरी असतात. त्यामुळे योग्य पर्याय निवडणे हा त्याच्या रोजच्या कामाचा भाग ठरतो.

लेखनाच्या सोयीसाठी पुढे पर्यायांची रोमन अक्षरे देवनागरीत दिली आहेत. '-एल' असे लिहिले असता रोमन लिपीतील लहान अक्षर समजावे. मोठे अक्षर अभिप्रेत असेल तेथे '-मोठा आर' असे लिहिले आहे, कारण या कमांडमध्ये लहान आणि मोठ्या अक्षरांचे अर्थ पूर्णपणे भिन्न असतात.

पूर्वपीठिका

फाइलींची यादी देणारी आज्ञा युनिक्सपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी घडलेल्या सीटीएसएस या प्रणालीत 'लिस्टएफ' नावाची कमांड होती; तिच्यानंतरच्या मल्टिक्स प्रणालीत 'लिस्ट' आणि तिचे आखूड रूप 'एलएस' आले; तेच आखूड रूप केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्समध्ये स्थिरावले. ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत या कमांडचे मोजकेच पर्याय नोंदलेले आहेत : सविस्तर यादीसाठी '-एल', बदलाच्या वेळेनुसार क्रमासाठी '-टी', सर्व नोंदींसाठी '-ए', आकारासाठी '-एस' आणि डिरेक्टरीच्या आतील नोंदींऐवजी डिरेक्टरीचीच माहिती देण्यासाठी '-डी'. हे पाचही पर्याय आजही त्याच अर्थाने वापरले जातात.

पुढील वाढ तीन दिशांनी झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेल्या बीएसडी युनिक्सने अनेक स्तंभांत यादी मांडण्याची सोय आणली; १९९०च्या दशकापासून पॉझिक्स या मानकाने सर्व प्रणालींना समान अशा पर्यायांचा गाभा ठरवून दिला; आणि रिचर्ड स्टॉलमन व डेव्हिड मॅकेन्झी यांनी लिहिलेल्या ग्नू आवृत्तीने एकाक्षरी पर्यायांच्या जोडीला दुहेरी डॅशचे, पूर्ण शब्दांचे दीर्घ पर्याय दिले. लिनक्सवर सामान्यतः आढळते ती ग्नू आवृत्तीच असून २००३ पासून ती 'कोअरयुटिल्स' या संचाचा भाग आहे.

कोणत्या नोंदी?

पर्यायाविना दिलेली कमांड ज्यांचे नाव ठिपक्याने सुरू होते अशा नोंदी वगळते. युनिक्सच्या आरंभीच्या विकासात सहभागी असलेले रॉब पाइक यांनी नोंदवल्यानुसार हा नियम विचारपूर्वक ठरवलेला नव्हता : प्रत्येक डिरेक्टरीत असणाऱ्या एक ठिपका (स्वतः ती डिरेक्टरी) आणि दोन ठिपके (तिची वरची डिरेक्टरी) या दोन नोंदी लपवण्यासाठी नावाचे केवळ पहिले अक्षर तपासले गेले आणि त्यामुळे ठिपक्याने सुरू होणारी सगळीच नावे अदृश्य झाली. पुढे प्रोग्रामांनी आपल्या मांडणीच्या फाइली अशाच नावांनी ठेवण्यास सुरुवात केली. '-ए' या पर्यायाने या सर्व नोंदी दिसतात, तर '-मोठा ए' हा पर्याय वरील दोन ठरावीक नोंदी वगळून उरलेल्या दाखवतो; लपलेल्या फाइली मोजायच्या असतील तेव्हा दुसराच पर्याय योग्य असतो.

'-मोठा आर' डिरेक्टरीच्या आतील डिरेक्टरींमध्येही उतरत जातो, आणि म्हणूनच मोठ्या संग्रहावर तो विचार करूनच वापरावा लागतो. उलट '-डी' आत शिरणेच टाळतो. एखाद्या डिरेक्टरीची स्वतःची परवानगी पाहायची असेल तर तो '-एल'सोबत द्यावा लागतो, अन्यथा विचारलेल्या वस्तूऐवजी तिच्या आतील वस्तूंची माहिती मिळते. ग्नू आवृत्तीत '-मोठा आय' आणि 'दुहेरी डॅश हाइड' या पर्यायांनी विशिष्ट नमुन्याची नावे वगळता येतात, तर '-मोठा बी' हा नावाच्या शेवटी लहरी रेघ असलेल्या राखीव प्रती वगळतो. सांकेतिक दुवा, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद, समोर आल्यास '-मोठा एल' दुव्याऐवजी मूळ फाइलीची माहिती देतो.

कोणत्या क्रमाने?

नेहमीचा क्रम नावाचा असतो. '-टी' सर्वांत अलीकडे बदललेली फाइल आधी दाखवतो, '-मोठा एस' सर्वांत मोठी फाइल आधी दाखवतो, '-मोठा एक्स' नावाच्या शेवटच्या विस्तारानुसार गट पाडतो आणि '-आर' यांपैकी कोणताही क्रम उलटा करतो. '-एल', '-टी' आणि '-आर' एकत्र दिल्यास नुकतीच बदललेली फाइल यादीच्या तळाशी, म्हणजे टर्मिनलमध्ये पुढील आज्ञेच्या लगेच वर दिसते. दीर्घ गणना चालू असताना शेवटची फाइल लिहिली गेली की नाही हे पाहण्यास ही जोडणी विशेष उपयोगी पडते.

वेळेनुसार क्रम लावताना कोणती वेळ हा प्रश्न उद्भवतो. '-टी' मजकूर शेवटचा कधी बदलला ते पाहतो; '-यू' जोडल्यास फाइल शेवटची कधी वाचली गेली ते विचारात घेतले जाते; '-सी' जोडल्यास आयनोड, म्हणजे फाइलीचा मालक, परवानगी, आकार इत्यादी माहिती ठेवणारी नोंद, शेवटची कधी बदलली ते पाहिले जाते. '-सी' म्हणजे निर्मितीची वेळ असा समज सार्वत्रिक असला तरी तो चुकीचा आहे. खरी निर्मितीची वेळ लिनक्समध्ये २०१७ साली आलेल्या 'स्टॅटएक्स' या सोयीमुळे उपलब्ध झाली आणि त्यानंतर ग्नू आवृत्तीने ती 'दुहेरी डॅश टाइम'च्या 'बर्थ' या मूल्याने दाखवण्यास सुरुवात केली. '-यू'वरही फार विसंबता येत नाही, कारण २००९ पासून लिनक्स प्रत्येक वाचनाची वेळ नोंदवत नाही. डिस्कवरील लेखन वाचवण्यासाठी ती क्वचितच अद्ययावत केली जाते.

नावांत अंक असतील तेव्हा '-व्ही' हा पर्याय लागतो. नेहमीच्या क्रमात 'भाग-१०' हा 'भाग-२'च्या आधी येतो, कारण तुलना एकेका चिन्हाची होते. '-व्ही' मात्र रोमन लिपीत लिहिलेल्या सलग अंकांना एक संख्या मानतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी बनलेल्या जीएमआरटी या दुर्बिणीची निरीक्षणे असोत किंवा पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या, १९१० साली स्थापन झालेल्या संस्थेतील कागदपत्रांसारख्या संग्रहाच्या प्रतिमा असोत, क्रमांकित फाइलींच्या कोणत्याही संग्रहात हा फरक महत्त्वाचा असतो.

किती तपशील?

'-एल' हा या कमांडचा सर्वांत समृद्ध पर्याय आहे. त्याच्या प्रत्येक ओळीत आधी दहा चिन्हांचा गट येतो. त्यातील पहिले चिन्ह नोंदीचा प्रकार सांगते (साध्या फाइलीसाठी डॅश, डिरेक्टरीसाठी डी, सांकेतिक दुव्यासाठी एल) आणि पुढील तीन-तीन चिन्हे मालक, गट व इतर यांना वाचण्याची, लिहिण्याची आणि चालवण्याची परवानगी आहे की नाही हे दर्शवतात. त्यानंतर दुव्यांची संख्या, मालक, गट, आकार, वेळ आणि शेवटी नाव येते. '-एन' दिल्यास मालकाच्या नावाऐवजी त्याचा क्रमांक दिसतो. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत प्रत आणलेल्या फाइलींचे मालकत्व तपासताना हे आवश्यक ठरते, कारण एकच क्रमांक दोन यंत्रांवर दोन भिन्न व्यक्तींचा असू शकतो. '-आय' आयनोडचा क्रमांक देतो, आणि दोन नावांचा क्रमांक एकच निघाला तर ती एकाच फाइलीची दोन नावे आहेत हे सिद्ध होते, मात्र दोन्ही नावे एकाच फाइल-प्रणालीवर असली पाहिजेत.

आकाराबाबत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. '-एल' फाइलीची लांबी बाइटमध्ये सांगतो, तर '-एस' डिस्कवर तिने प्रत्यक्ष व्यापलेली जागा सांगतो. मधल्या भागात काहीच न लिहिलेली फाइल लांबीने मोठी असूनही थोडी जागा व्यापू शकते, आणि वापरकर्त्याला नेमून दिलेली साठवण संपत असताना दुसरा आकडाच महत्त्वाचा असतो. '-एच' दोन्ही आकडे वाचनीय करतो, मात्र त्याचा एक 'के' १०२४ बाइटचा असतो. १००० बाइटच्या हिशेबासाठी 'दुहेरी डॅश एसआय' हा स्वतंत्र पर्याय आहे.

वेळेच्या स्तंभातही एक खाच आहे. सुमारे सहा महिन्यांच्या आतील फाइलीसाठी तारीख आणि तास-मिनिटे, तर त्याहून जुन्या फाइलीसाठी तासांऐवजी वर्ष दाखवले जाते. म्हणून एकाच स्तंभात दोन प्रकारच्या नोंदी येतात. 'दुहेरी डॅश फुल-टाइम' किंवा 'दुहेरी डॅश टाइम-स्टाइल'चे 'लाँग-आयएसओ' हे मूल्य दिल्यास सर्व वेळा एकसारख्या, वर्षासह येतात. शिवाय दिसणारी वेळ वापरकर्त्याच्या कालविभागाच्या मांडणीवर ठरते. हवामानशास्त्राची गणना जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे जागतिक वेळेनुसार रात्री ८ वाजता लिहिलेली फाइल पुण्याच्या वेळेनुसार दुसऱ्या दिवशी पहाटे दीडची दिसते, आणि नावातील तारीख व यादीतील तारीख यांत एका दिवसाचा फरक पडतो. हा फरक दोष नसून कालविभागाचा परिणाम आहे हे ठाऊक नसल्यास चांगली फाइल चुकीची समजून काढून टाकली जाण्याचा धोका असतो.

कोणत्या रूपात?

यादी टर्मिनलवर जात असेल तर ती अनेक स्तंभांत मांडली जाते. ती दुसऱ्या प्रोग्रामकडे किंवा फाइलीकडे वळवली तर आपोआप एका ओळीत एक नाव येते. '-मोठा सी' आणि एक या अंकाचा पर्याय ही दोन रूपे स्पष्टपणे मागतात, '-एक्स' स्तंभांऐवजी ओळींनुसार मांडणी करतो आणि '-एम' नावांमध्ये स्वल्पविराम घालतो. '-मोठा एफ' डिरेक्टरीच्या नावापुढे तिरकी रेघ, चालवता येणाऱ्या फाइलीपुढे तारा आणि सांकेतिक दुव्यापुढे ॲट चिन्ह जोडतो, तर '-पी' केवळ डिरेक्टरीच खुणावतो. रंगांनी हाच भेद दाखवण्याची सोय ग्नू आवृत्तीत 'दुहेरी डॅश कलर' या पर्यायाने मिळते.

२०१६ साली ग्नू आवृत्तीने टर्मिनलवर दाखवताना जागा किंवा विशेष चिन्हे असलेली नावे अवतरणांत घालण्यास सुरुवात केली. या बदलावर बरीच टीका झाली, तरी त्यामागचे कारण सबळ होते : अवतरणांतील नाव जसेच्या तसे पुन्हा आज्ञेत वापरता येते. जुने रूप हवे असल्यास '-मोठा एन' हा पर्याय आहे.

या प्रश्नाची सर्वांत महत्त्वाची बाजू म्हणजे यादी कोण वाचणार हे ठरवणे. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणतेही चिन्ह, अगदी नव्या ओळीचे चिन्हही, येऊ शकते; म्हणून एका ओळीत एक नाव हे गृहीत धरून या कमांडची यादी प्रोग्रामकडून वाचून घेणे असुरक्षित असते. त्यासाठी शेलचे, म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणाऱ्या प्रोग्रामचे, नमुने वापरावेत, किंवा 'फाइंड' या कमांडने नावांमध्ये शून्य बाइट घालून यादी घ्यावी. ग्नूच्या अलीकडील आवृत्तींमध्ये 'दुहेरी डॅश झीरो' हा पर्यायही याच हेतूने आला आहे.

यादीची किंमत

पर्यायाविना नावे मागितली तर कमांडला डिरेक्टरीतील नोंदी वाचणे आणि त्यांचा क्रम लावणे एवढेच करावे लागते. '-एल', '-टी', '-मोठा एस' यांपैकी काही दिले की प्रत्येक फाइलीच्या आयनोडची स्वतंत्र विचारणा होते. रंग मागितले तरीही बहुधा हेच घडते, कारण फाइल चालवता येते की नाही हे परवानगी पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि अनेक लिनक्स मांडण्यांत रंगाचा पर्याय वापरकर्त्याच्या नकळत आधीच जोडलेला असतो.

घरच्या संगणकावर हा फरक जाणवत नाही. महासंगणकांवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या 'लस्टर' या समांतर फाइल-प्रणालीत मात्र तो मोठा ठरतो, कारण तेथे नावे आणि परवानग्या एका प्रकारच्या सर्व्हरवर, तर फाइलींचा मजकूर अनेक वेगळ्या सर्व्हरांवर विभागलेला असतो, आणि अचूक आकार सांगण्यासाठी त्या सर्व्हरांकडे चौकशी करावी लागते. लाख फाइलींच्या डिरेक्टरीत दिलेली सविस्तर यादीची एकच आज्ञा लाखो विचारण्या निर्माण करते आणि तिचा भार त्याच यंत्रावर गणना करणाऱ्या इतरांनाही सोसावा लागतो. अशा वेळी रंग बंद ठेवून केवळ नावे मागणे, '-मोठा यू' आणि एक या अंकाचा पर्याय एकत्र देऊन क्रम न लावता नावे वाचली जातील तशी छापून घेणे, किंवा लस्टरची स्वतःची शोध-कमांड वापरणे हे मार्ग योग्य होत. सामायिक यंत्रावर अनावश्यक तपशील न मागणे हे वापरकर्त्याचे कर्तव्य आहे, आणि ते केवळ पर्यायांच्या ज्ञानानेच पार पाडता येते.

देवनागरी नावे

मराठी वाचकासाठी या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग येथे सुरू होतो. लिनक्सची फाइल-प्रणाली नावाकडे बाइटांची मालिका म्हणून पाहते. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पुणे' या नावात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हे असल्याने ते बारा बाइटांचे होते. नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट असल्यामुळे रोमन लिपीत २५५ अक्षरांचे नाव चालते, तर देवनागरीत ८५ चिन्हांवरच, तीही काना-मात्रा धरून, मर्यादा संपते.

या बाइटांचा अर्थ कसा लावायचा हे लोकेल, म्हणजे भाषा व लिपीविषयीची मांडणी, ठरवते. लोकेल 'सी' या मूळ मूल्यावर असेल तर 'पुणे' हे नाव जुन्या ग्नू आवृत्तींत बारा प्रश्नचिन्हे आणि नव्या आवृत्तींत अष्टमान अंकांची लांबलचक मालिका म्हणून दिसते. फाइल सुरक्षित असते. बिघडते ते केवळ दर्शन. लोकेल यूटीएफ-८वर आणले की नाव पूर्ववत दिसते.

क्रमाचा प्रश्न अधिक खोल आहे. 'सी' लोकेलमध्ये क्रम युनिकोडमधील स्थानांनुसार लागतो आणि तेथे 'ळ' हे 'ल'च्या लगेच नंतर, 'व'च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत मात्र त्याचे स्थान 'ह'नंतर आहे. परिणामी 'कळस' ही फाइल 'कवच'च्या आधी लागते, जे वर्णमालेच्या क्रमाविरुद्ध आहे. देवनागरी अंक युनिकोडमध्ये बहुतेक अक्षरांच्या नंतर येत असल्याने '१' ने सुरू होणारे नाव जवळजवळ सर्व अक्षरी नावांच्या नंतर जाते, तर रोमन लिपीत लिहिलेला एक सर्वांच्या आधी येतो. '-व्ही' हा पर्यायही येथे मदत करत नाही, कारण तो केवळ रोमन लिपीतील अंकांना संख्या मानतो. म्हणून मराठी अंकांनी क्रमांक देताना '०२', '१०' असे आरंभी शून्य घालणे हाच विश्वासार्ह उपाय आहे.

तिसरी अडचण दिसायला सारख्या पण बाइटांनी भिन्न असलेल्या नावांची आहे. 'ऱ' हे युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून आणि 'र' व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. 'ॲ' साठी स्वतंत्र चिन्ह २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आले, त्याआधी ते 'अ', अदृश्य जोडचिन्ह आणि अर्धचंद्र यांनी बनवले जात असे. त्यामुळे एकाच डिरेक्टरीत 'दऱ्या' किंवा 'ॲप' या नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी राहू शकतात. 'सी' लोकेल तात्पुरते लावून '-बी' हा पर्याय दिला की नावातील बाइट अंकरूपात दिसतात आणि त्यांतील भेद उघड होतो.

एकच अक्षर, भिन्न अर्थ

सर्व प्रणालींवर ही कमांड एकसारखी नाही. बीएसडी परंपरेतील मॅकओएसवर '-मोठा जी' रंग दाखवतो, तर ग्नू आवृत्तीत तोच सविस्तर यादीतून गटाचा स्तंभ काढतो. '-मोठा टी' मॅकवर पूर्ण वेळ देतो आणि ग्नूमध्ये टॅबची रुंदी ठरवतो. मॅकवर शिकून लिनक्स महासंगणकावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने पॉझिक्सने ठरवलेल्या समान पर्यायांवर भर देणे म्हणूनच हिताचे आहे. विंडोजच्या परंपरेत 'डीआयआर' ही कमांड तिरक्या रेघेचे पर्याय घेते : 'ओ' क्रमासाठी, 'एस' आतील डिरेक्टरींसाठी आणि 'बी' केवळ नावांसाठी, अक्षरे वेगळी असली तरी चार प्रश्न तेच आहेत.

समारोप

या आढाव्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला अध्यापनाविषयीचा : पुण्यातील महाविद्यालये आणि सी-डॅकच्या प्रशिक्षण केंद्रासारख्या संस्था यांतून ही कमांड विद्यार्थ्यांच्या पहिल्या धड्यांत येते, तेथे पर्यायांची यादी पाठ करून घेण्याऐवजी नोंदी, क्रम, तपशील आणि रूप हे चार प्रश्न शिकवले, तर नवा पर्याय विद्यार्थी माहितीपुस्तिकेतून स्वतः शोधू शकेल आणि त्याची किंमतही ओळखू शकेल. दुसरा निष्कर्ष भाषेविषयीचा आहे : मराठी नावे दाखवणे ही आता अडचण उरलेली नाही, पण मराठी क्रम लावणे आणि मराठी अंकांना संख्या मानणे ही कामे अपुरी आहेत. ग्नू कोअरयुटिल्सचा आणि लोकेलच्या तक्त्यांचा स्रोत सर्वांना खुला आहे, आणि या दोन्हींचे ज्ञान असलेले अभियंते पुण्यात विपुल आहेत. मराठी अंकांसाठी '-व्ही'चा नियम विस्तारणे आणि 'ळ'चे स्थान प्रत्येक प्रणालीवर तपासून दुरुस्त करणे हे मर्यादित, स्पष्ट आणि साध्य काम आहे. ते पूर्ण झाले तर मराठीत नाव दिलेली फाइल मराठी वर्णमालेनुसारच यादीत उभी राहील.